ठिबक सिंचनाची स्वयंचलित नियंत्रक पेटी : जोडणी, मांडणी व चाचणी

राज्यात ठिबक सिंचनाखालील क्षेत्र वाढले, पण बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्ह अजूनही हातानेच फिरवले जातात. रात्रपाळीची वीज असेल तर शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्याची भीती पत्करून रानात जावे लागते. एखादा व्हॉल्व्ह बदलायचा राहिला तर एका भागात पाणी साचते आणि दुसऱ्या भागाला ताण बसतो. यावर उपाय म्हणून अनेक शेतकरी स्वयंचलित नियंत्रक पेटी बसवू लागले आहेत. मात्र पेटी विकत घेणे आणि ती आपल्या शेताला लागू होईल अशी बसवणे यांत बराच फरक आहे. चुकीच्या जोडणीमुळे मोटार जळणे, नळी फुटणे किंवा ऐन फुलोऱ्यात पिकाला पाणी न मिळणे असे प्रकार घडतात. म्हणून या लेखात पेटीची निवड, जोडणी, मांडणी व चाचणी यांची क्रमवार माहिती दिली आहे.

मूळ तत्त्व : रेल्वेच्या सिग्नलवरून

एका ठिकाणाहून दूरवरच्या उपकरणांना विजेने संदेश देण्याची पद्धत नवीन नाही. दादरच्या फुलबाजारात झेंडू, शेवंती घेऊन जाणाऱ्या शेतकरी बंधूंनी परळ, करी रोड, चिंचपोकळी या स्थानकांजवळचे लाल, पिवळे, हिरवे दिवे पाहिले असतील. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ साली बोरीबंदर ते भायखळा या मार्गावर देशात प्रथमच असे स्वयंचलित रंगीत सिग्नल सुरू केले. या पद्धतीतील दोन नियम आपल्या ठिबक संचालाही तंतोतंत लागू पडतात.

पहिला नियम असा की, बिघाड झाला तर यंत्रणा आपोआप सुरक्षित स्थितीत गेली पाहिजे. रुळाच्या ठरावीक लांबीत बारीकसा विद्युतप्रवाह सोडलेला असतो व तो एका रिलेला उचलून धरतो. गाडी त्या लांबीत आली की तिच्या चाकांमधून प्रवाह परतीची वाट धरतो, रिले पडतो व सिग्नल लाल होतो. रूळ तुटला किंवा वायर निखळली तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो.

दुसरा नियम असा की, एक काम पूर्ण झाल्याखेरीज दुसरे सुरू होता कामा नये. सांधा योग्य बाजूला बसल्याशिवाय त्या मार्गाचा सिग्नल हिरवा होत नाही. आपल्याकडे याचा अर्थ असा की, निदान एक व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय मोटार सुरू होता कामा नये. पुढील सर्व सूचना या दोन नियमांवरच आधारलेल्या आहेत.

पेटीची निवड

१. तारेची साधी पद्धत : पेटीतून प्रत्येक व्हॉल्व्हला एक स्वतंत्र वायर व सर्वांना मिळून एक सामाईक वायर जाते. व्हॉल्व्ह २४ व्होल्ट ए.सी.वर चालतात. आठ-दहा व्हॉल्व्हपर्यंत व कमी अंतरासाठी ही पद्धत सोपी व खात्रीची आहे. गावातील वायरमनही तिची दुरुस्ती करू शकतो.

२. जाळ्याची पद्धत : मुख्य पेटीतून एकच केबल शेतभर फिरते व तिच्यावर जागोजागी उपपेट्या जोडल्या जातात. प्रत्येक उपपेटीला स्वतःचा क्रमांक असतो. पोस्टमन घरक्रमांक पाहून पत्र देतो, त्याचप्रमाणे मुख्य पेटीचा संदेश फक्त त्या क्रमांकाची उपपेटी स्वीकारते. क्षेत्र मोठे, व्हॉल्व्ह जास्त किंवा तुकडे विखुरलेले असल्यास ही पद्धत परवडते.

३. बॅटरीवरील पद्धत : येथे व्हॉल्व्ह एका झटक्याने उघडतो व दुसऱ्या झटक्याने बंद होतो. वीज कमी लागते, पण व्हॉल्व्ह उघडा असताना बॅटरी संपली तर तो उघडाच राहतो. म्हणजे पहिला नियम येथे मोडतो. बॅटरी उतरू लागताच व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय पेटीत आहे का, हे विचारूनच खरेदी करावी.

कोणतीही पेटी घेताना दोन गोष्टी अवश्य तपासाव्यात. बागबगीच्यासाठी बनवलेल्या साध्या पेट्या घड्याळावर चालतात. सकाळी ६ ची वेळ लावली आणि त्या वेळी वीज नसली तर ती पाळी सरळ बुडते. आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते, म्हणून वीज आल्यावर काम सुरू करणारी व वीज गेल्यास उरलेला वेळ लक्षात ठेवणारी पेटीच घ्यावी. दुसरे असे की, काही गावांत थ्री फेज बंद असताना सिंगल फेज चालू राहतो. अशा वेळी पेटी जागी असते, व्हॉल्व्ह उघडते, वेळही मोजते, पण मोटार बंद असल्याने पाणी येत नाही. म्हणून तिन्ही फेज हजर असल्याची खूण पेटीला देणारा रिले बसवावा.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा लोहार चाळ येथून रिले, टायमर असे सुटे भाग आणून पेटी बनवून घेण्याकडे काहींचा कल असतो. भाग स्वस्त मिळतात हे खरे, पण पावती, हमी आणि जोडणीचा नकाशा घेतल्याशिवाय खरेदी करू नये. छोट्या रिलेवर बहुधा २५० व्होल्टची मर्यादा छापलेली असते. शेतीपंपाच्या अनेक स्टार्टरची कॉइल मात्र ४१५ व्होल्टची असते. असा रिले त्या कॉइलला थेट जोडल्यास त्याचे टोक जळून चिकटते व मोटार बंदच होत नाही.

व्हॉल्व्ह व मोटार यांची जोडणी

व्हॉल्व्ह 'वीज नसताना बंद' या प्रकारचा निवडावा. वायर तुटली तर तो आपोआप बंद होतो. व्हॉल्व्हमधील पडदा पाण्याच्या दाबावर हलतो, त्यामुळे ठरावीक किमान दाब नसेल तर तो नीट बसत नाही. हा आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावा. व्हॉल्व्हच्या आधी गाळणी संच चांगला हवा. वाळूचा एक कणही पडद्याखाली अडकला की व्हॉल्व्ह गळत राहतो.

पेटीवरील 'पंप' या टोकाला मोटार कधीही थेट जोडू नये. तेथून फक्त २४ व्होल्टचा संदेश मिळतो. या संदेशावर २४ व्होल्टच्या कॉइलचा एक छोटा कॉन्टॅक्टर चालवावा व त्याच्या टोकांमधून स्टार्टरच्या कॉइलचा प्रवाह न्यावा. ही टोके स्टार्टरच्या व्होल्टेजला पुरेशी आहेत याची खात्री करावी. हाताने दांडा ओढून चालू होणारा जुना स्टार्टर या कामी चालत नाही. सिंगल फेज प्रतिबंधक, ओव्हरलोड रिले व विहिरीतील पाणी संपल्यास मोटार थांबवणारे साधन ही तिन्ही कायम ठेवावीत. पेटी आली म्हणून ती काढू नयेत. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून करावे.

मोटार चालू असताना व्हॉल्व्हची वायर तुटली तर व्हॉल्व्ह बंद होईल, पण मोटार चालतच राहील व दाब वाढेल. म्हणून मुख्य नळीवर दाबमुक्ती व्हॉल्व्ह आणि जादा दाब येताच मोटार बंद करणारा प्रेशर स्विच बसवावा.

वायरची जाडी

वायर बारीक असेल तर लांबच्या व्हॉल्व्हपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही. हिशेब सोपा आहे. समजा व्हॉल्व्ह ३०० मीटर दूर आहे व उघडताना तो ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून वायरची लांबी ६०० मीटर धरावी. तांब्याच्या वायरमध्ये होणारी घट पुढीलप्रमाणे येते.

१ चौ.मि.मी. : सुमारे ४.३ व्होल्ट
१.५ चौ.मि.मी. : सुमारे २.९ व्होल्ट
२.५ चौ.मि.मी. : सुमारे १.८ व्होल्ट

घट १० टक्क्यांच्या, म्हणजे २.४ व्होल्टच्या आत ठेवावयाची असल्यास येथे २.५ चौ.मि.मी.ची वायर घ्यावी. दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडणार असतील तर सामाईक वायर त्याहून जाड लागते.

वायर पाइपमध्ये घालून नांगराच्या फाळाला लागणार नाही एवढ्या खोलीवर गाडावी. २४ व्होल्टची वायर मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये. सांधे जमिनीखाली उघडे न ठेवता जलरोधक जेलच्या टोप्यांमध्ये बंद करावेत व डबीत ठेवावेत. एक जादा वायर टाकून ठेवल्यास पुढे खोदाई वाचते. पेटीला स्वतंत्र अर्थिंग द्यावे व विजेच्या कडकडाटापासून रक्षण करणारे साधन लावावे. वायरचा मार्ग कागदावर काढून तो कागद पेटीच्या दारावर आतून चिकटवावा.

जाळ्याच्या केबलची विशेष काळजी

बऱ्याच पेट्यांत आरएस-४८५ ही पद्धत वापरतात. तिच्यात 'ए' व 'बी' अशा पीळ दिलेल्या दोन तारा असतात आणि साधारण १२०० मीटरपर्यंत संदेश जाऊ शकतो. जोडणी करताना पुढील बाबी पाळाव्यात.

• केबल एका उपपेटीतून दुसरीत अशी ओळीने न्यावी. मधूनच फांद्या फोडू नयेत.
• सर्व ठिकाणी 'ए'ला 'ए' व 'बी'ला 'बी' जोडावी.
• केबलच्या फक्त दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावावा.
• प्रत्येक उपपेटीचा क्रमांक वेगळा ठेवावा. एकच क्रमांक दोघींना दिल्यास दोन्ही एकदम उत्तर देतात व संदेश बिघडतो.
• संदेशाचा वेग (बॉड रेट) मुख्य पेटीत व सर्व उपपेट्यांत एकच ठेवावा.

वीज बंद करून 'ए' व 'बी' यांमधील रोध मोजावा. सुमारे ६० ओहम आल्यास दोन्ही टोकांचे रोध जागेवर आहेत. १२० आल्यास एक रोध नाही किंवा केबल मध्ये तुटली आहे. ४० च्या आसपास आल्यास कोठेतरी तिसरा रोध लागला आहे.

मोबाइलवर चालणाऱ्या पेटीसाठी सिमकार्ड घेण्यापूर्वी विहिरीजवळ कोणत्या कंपनीची रेंज मिळते ते पाहावे. पेटी २जीवर चालणारी असेल तर त्या कंपनीचे २जी जाळे तेथे आहे याची खात्री करावी. पेटीत फक्त घरातील माणसांचेच क्रमांक नोंदवावेत व कारखान्याहून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

वेळेची मांडणी

पिकाची गरज व संचाचा प्रवाह यांवरून वेळ काढावी. दोन ओळींतील अंतर १.५ मीटर, ड्रीपरमधील अंतर ०.५ मीटर व ड्रीपर ताशी ४ लिटरचा असेल तर एका ड्रीपरला ०.७५ चौरस मीटर जागा येते. ४ ला ०.७५ ने भागल्यास ताशी ५.३ मि.मी. पाणी पडते. पिकाची दैनंदिन गरज ४.८ मि.मी. असल्यास संच सुमारे ५४ मिनिटे चालवावा. एक-एक एकराचे चार भाग असतील तर साधारण पावणेचार तासांत पाणी पूर्ण होते. पिकाची गरज वाढीच्या अवस्थेनुसार व हंगामानुसार बदलते, म्हणून हा आकडा दर आठवड्याला सुधारावा.

पेटीत क्रम असा लावावा : आधी व्हॉल्व्ह उघडेल, काही सेकंदांनी मोटार चालू होईल. भाग बदलताना पुढचा व्हॉल्व्ह उघडल्यावरच आधीचा बंद होईल. शेवटी मोटार आधी थांबेल व नंतर व्हॉल्व्ह बंद होईल. याने नळीला पाण्याचा धक्का बसत नाही. वीज आल्याबरोबर सर्वांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडते व डी.पी.वर ताण येतो. म्हणून एका डी.पी.वरील शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून दोन, चार, सहा मिनिटे अशी वेगवेगळी उशिराची वेळ लावावी.

चाचणी व देखभाल

संच सुरू करण्यापूर्वी प्रत्येक व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध पेटीजवळून मोजावा व लिहून ठेवावा. पुढे बिघाड झाल्यावर तो पुन्हा मोजावा. मीटर काहीच दाखवत नसेल तर वायर तुटली आहे. शून्याजवळ आकडा आल्यास वायर एकमेकींना चिकटल्या आहेत. रोध बरोबर असून व्हॉल्व्ह उघडत नसेल तर दाब, कचरा किंवा पडदा तपासावा. त्यानंतर मोटार चालू असताना मुद्दाम एक वायर सोडवून पाहावी. व्हॉल्व्ह बंद होऊन मोटारही थांबली पाहिजे. ही चाचणी झाल्याखेरीज पेटीच्या भरवशावर शेत सोडू नये.

व्हॉल्व्ह उघडला एवढेच पेटीला कळते. उंदराने लॅटरल कुरतडली किंवा ड्रीपर चोंदले हे तिला समजत नाही. यासाठी मुख्य नळीवर पाणीमापक बसवावा. वरील उदाहरणात एक एकर भागातून ताशी सुमारे २१ हजार लिटर पाणी गेले पाहिजे. आकडा बराच वाढला तर नळी फुटली आहे, घटला तर ड्रीपर किंवा गाळणी चोंदली आहे. हा आकडा आठवड्यातून एकदा वहीत लिहावा.

हलक्या जमिनीतील भाजीपाला व पॉलिहाऊसमधील कोकोपीटवरील पीक उन्हाळ्यात काही तासांचा खंडही सहन करत नाही. तेथे मोबाइलवर धोक्याचा संदेश येण्याची सोय आणि हाताने व्हॉल्व्ह उघडण्याची तयारी दोन्ही ठेवावीत. घरातील दोन माणसांना तरी पेटी बंद करून संच हाताने चालवता आला पाहिजे.

पेटीमुळे शेतकऱ्याचे रात्रीचे हेलपाटे वाचतात व पाणी मोजून देता येते. पिकाची पाहणी मात्र त्यालाच करावी लागते. सुरुवातीस एकाच भागावर पेटी बसवून एक हंगाम अनुभव घ्यावा व मगच उरलेले क्षेत्र जोडावे. अधिक माहितीसाठी नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयाशी संपर्क साधावा.