तुझ्या मातामहांविषयी



मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, तुमच्याकडे अमेरिकेत सैनिकांच्या थडग्यांवर निशाणे लावून त्यांचे स्मरण करतात त्या दिवशी, तुझ्या मातामहांच्या गावच्या दफनभूमीत चार शब्द बोलण्याचे काम तुझ्याकडे आले आहे, आणि त्यासाठी त्यांच्या युद्धातील पराक्रमाचा शोध तू सरकारी कागदपत्रांतून घेत आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले. ज्या माणसाची सारी हयात मुलकी खात्याच्या दप्तरात गेली तो मी, कागद पाहू नकोस असे तुला कधीच सांगणार नाही. नेब्रास्काच्या नॅशनल गार्डमधून उभी राहिलेली १३४ वी पायदळ रेजिमेंट जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरली, त्याच महिन्याच्या १५ तारखेला सँ-लोच्या उत्तरेकडील १२२ क्रमांकाच्या टेकडीवर तिने हल्ला चढविला, आणि पुढे ऐन हिवाळ्यात बास्तोन्यच्या परिसरात ती बर्फात लढली, एवढे तुला कागदावरून मिळेल. आणि तुझे आजोबा त्या रेजिमेंटमध्ये होते, हेही मिळेल. परंतु त्या टेकडीवर त्यांनी काय पाहिले हे कोणत्याही दप्तरात नाही, आणि जे त्यांनी पत्नीला सांगितले नाही, मुलांना सांगितले नाही, ते तू कल्पनेने भरून काढावेस हे मला योग्य वाटत नाही.

त्याच जुलै महिन्यात, त्या हल्ल्याच्या पाचच दिवस आधी, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि नोकरीच्या काळात त्या पुतळ्याला मी अनेकदा वंदन केले आहे. जो परत आला नाही त्याच्याविषयी बोलण्याची रीत सर्व देशांत सारखीच आहे, कारण त्याचे आयुष्य त्या एका क्षणाशी येऊन थांबलेले असते. तुझे आजोबा मात्र परत आले, त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे जगले, आणि ती वर्षे त्यांनी ज्या कामात घातली ते काम त्यांनी स्वतः निवडलेले होते. तू बोलावेस ते त्या वर्षांविषयी, असे माझे मत आहे.

ती वर्षे ज्या भूमीत गेली ती नेब्रास्कातील भूमी तू लहानपणापासून पाहिली आहेस, म्हणून तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची संधी तुला मिळालेली नाही. सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर पसरलेल्या तेथील वाळूच्या टेकड्या केवळ गवताच्या मुळांनी जागच्या जागी धरून ठेवलेल्या आहेत. गवत गेले की वारा टेकडीत खड्डा पाडतो आणि तो वर्षानुवर्षे रुंदावत जातो. आमच्या रायगड जिल्ह्याच्या दुपटीहून मोठ्या असलेल्या तेथील चेरी कौंटीत माणसे साडेपाच हजारांच्या आसपास. प्रथम पॉनी आणि लकोटा लोकांची ही शिकारीची राने. त्यांच्याकडून ती कशी गेली हा इतिहास सुखाचा नाही, आणि जमिनीचे हक्क ज्याने जन्मभर तपासले त्याने तो वगळून पुढे जाऊ नये, म्हणून येथे नमूद करतो. मग १९०४ साली किंकेड यांचा कायदा आला आणि पाच वर्षे वस्ती करून राहणाऱ्यास ६४० एकर जमीन मिळू लागली. कागदावर हे दान राजेशाही दिसते. पण ज्या वाळूत एक गाय आणि तिचे वासरू वर्षभर पोसायला पंधरा-वीस एकर कुरण लागते, तेथे ६४० एकरांत एका कुटुंबाचा निर्वाह होत नाही, आणि ज्यांनी नांगर घातला त्यांची जमीन वाऱ्याबरोबर उडून गेली. बहुतेक खातेदार विकून चालते झाले. तुझ्या आजोबांच्या आजोबांनी नांगर घातला नाही, आणि तेवढ्या एका संयमावर तुमचे घर तेथे उभे राहिले.

ही जमीन आपली आहे असे तुझे आजोबा कधी म्हणत नसत. मालक परमेश्वर, आपण वहिवाटदार, आणि वहिवाटीचा हिशेब एक दिवस द्यावयाचा आहे, अशी त्यांची साधी आणि पक्की धारणा होती. ख्रिस्ती धर्माविषयी त्यांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही, मला आपल्या पंथात ओढण्याचा यत्नही केला नाही. परंतु रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये ते ज्या निष्ठेने बसत, त्याच निष्ठेने सोमवारी सकाळी कुंपणाची तार ताणीत. दोन कुरणांमधील सामायिक कुंपणाच्या मध्याशी दोघा शेजाऱ्यांनी समोरासमोर उभे राहावे आणि ज्याने त्याने आपल्या उजव्या हाताचा अर्धा भाग राखावा, ही त्या प्रदेशातील वहिवाट त्यांनीच मला प्रत्यक्ष उभे करून दाखविली. बांधाच्या हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावांचे कज्जे खुनापर्यंत गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून मी विचारले की शेजाऱ्याने आपला अर्धा भाग राखला नाही तर? ते म्हणाले, तर तोही मीच राखतो आणि रात्री त्याच्यासाठी प्रार्थना करतो. त्या रात्री जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत त्या शेजाऱ्याचे नाव मी खरोखरच ऐकले.

आता ज्या गोष्टीविषयी तू पत्रात चाचरत विचारले आहेस तिच्याकडे येतो. ज्या घरात पोळ्याला बैलांची पूजा होई आणि गाईला पहिला घास काढल्याशिवाय कोणी जेवत नसे, त्या घरातला मी, कत्तलीसाठी गुरे पोसणाऱ्या माणसाला थोर कसा म्हणतो? बाळ, त्या व्यवहाराशी मी सहमत झालो नाही आणि होणार नाही. त्यांनाही हे ठाऊक होते. पण एका मार्च महिन्यातील कडाक्याच्या थंडीत, गाई विण्याच्या हंगामात, मी त्यांच्या घरी होतो. पहिलारू कालवडींची फेरी ते रात्रभर दर दोन-तीन तासांनी करीत. अडलेल्या कालवडीशेजारी पेंढ्यात गुडघे टेकून ते बसत, गारठलेले वासरू उचलून स्वयंपाकघरातील शेगडीजवळ आणून निजवीत, आणि त्याच्या पोटात आईचा चीक गेल्याशिवाय स्वतः कॉफीचा घोट घेत नसत. ज्या गाईचे वासरू दगावले तिने पोरके वासरू आपले म्हणावे यासाठी मेलेल्या वासराचे कातडे पोरक्याच्या पाठीवर बांधावे लागते. ते काम करताना त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. गाईला माता म्हणणाऱ्या माझ्या तालुक्यात भाकड जनावरे रस्त्यावर उपाशी हिंडताना मी पाहिली, आणि तेव्हा दुसऱ्याचा न्याय करण्याचा माझा उत्साह ओसरला. तू दोन घरांची मुलगी आहेस. या दोन्ही गोष्टी मनात एकत्र बाळगण्याचे बळ तुझ्या ठायी असले पाहिजे, आणि एकीने दुसरीला झाकू नकोस.

सैन्याविषयी एकच हकिकत ते आपण होऊन सांगत, आणि तीच तू सांगावीस असा माझा आग्रह आहे. जानेवारी १९४९ च्या आरंभी आलेल्या हिमवादळाने नेब्रास्कातील रस्ते आठवडेच्या आठवडे बंद पडले, गुरे उभ्या जागी गोठली, विमानांतून वैरण टाकावी लागली. अखेर सैन्याच्या पाचव्या आर्मीकडे काम सोपविण्यात आले आणि तिचे बुलडोझर बर्फ फोडीत कुरणांपर्यंत पोहोचले. घोड्यावरून वैरण ओढीत असता टेकडीपलीकडून तो यंत्राचा घरघराट ऐकला तेव्हा, ज्या गणवेशाकडे फ्रान्सहून परतल्यापासून त्यांना पाहवत नसे, तो गणवेश घातलेल्या पोराला त्यांनी घरात आणून जेवू घातले. हे सांगताना ते हसत. त्यांच्या पदकांची पेटी तू माळ्यावरून काढली आहेस. ती मंचावर मांडू नकोस. ती त्यांनी विचारपूर्वकच माळ्यावर ठेविली होती.

आणखी एक सांगणे. कुरणाच्या विक्रीविषयी तुझ्या मामांनी तुझे मत विचारले आहे, आणि विकत घेणारा तेथे मक्यासाठी फिरत्या फवाऱ्यांचे सिंचन घालणार आहे असे तू लिहितेस. मत देण्यापूर्वी भाषणाच्या आधीच्या आठवड्यात तेथे जा. वासरांना डाग देण्यासाठी सारे शेजारी एकमेकांकडे मदतीस येतात तो काळ हाच आहे. त्यांच्यात काम कर, कुंपणाच्या त्या शेजाऱ्यालाही भेट, आणि गवत उपटल्यावर कोणत्या टेकडीचे काय झाले ते त्यांच्याकडून समजून घे. सातबारा नसला तरी त्या जमिनीची नोंद तेथील म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. मग जो निर्णय घेशील तो मला कळव. विकावे असे ठरले तरी तुझ्यावर माझा रोष होणार नाही, मात्र कारणे सविस्तर लिहून पाठव.

तुझे,
आबा