ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका

गोठ्यात कोणी "ताप उतरला, आता बरी होईल" असं म्हणालं की मी आधी गाईचे कान हातात धरून पाहतो. कान आणि पाय गार लागत असतील तर तो आराम नव्हे, जनावर खचत चाललेलं असतं. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर गुरांच्या डॉक्टरांबरोबर मदतीला फिरताना हे अनेकदा पाहिलं, पण उधव्याकडची एक गाय मनातून जात नाही.

ऐन आवणीचे दिवस होते. गाय व्यायली आणि वार अडकली. एका जाणत्याने हात घालून ती ओढून काढली, तुकडे आतच राहिले. गाईला 105 ताप भरला, अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं. घरची माणसं खाचरात जुंपलेली. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर 98 वर आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. गाईचं नेहमीचं तापमान 101 ते 102 असतं, म्हणजे 98 हे धोक्याचंच. आम्ही पोचलो तेव्हा डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, हिरड्या जांभळट. सकाळपासून लघवी नाही. रात्रीतून गाय गेली.

"सलाइनच्या दोन बाटल्या लावल्या होत्या, ते पाणी गेलं कुठं?" घरच्या बाईंनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता.

गर्भाशयातले जंतू आणि त्यांचं विष रक्तात उतरलं की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपू लागतात. खेकड्यांनी बांध पोखरला की खाचरात पाणी ठरत नाही, तसंच. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं वाहिन्यांबाहेर मांसात, पोटात जाऊन बसतात. पाणी अंगातच असतं, पण हृदयाकडे परत येत नाही. उरलेलं रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो, मूत्रपिंड लघवी थांबवतं, कातडीकडचा पुरवठा आटतो म्हणून कान गार पडतात.

आता हिशेब बघा. अडीचशे किलोच्या गाईच्या अंगात साधारण 15 ते 20 लिटर रक्त. डोळे असे खोल जाईपर्यंत वजनाच्या 8 टक्के पाणी तुटलेलं असतं, म्हणजे 20 लिटर. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्यांनी त्यात काय होणार? म्हणूनच डॉक्टर कधी कधी 7.2 टक्क्यांचं तीव्र सलाइन देतात. ते मांसातलं आणि कोठीपोटातलं पाणी ओढून रक्तात आणतं, पण थोडाच वेळ. त्यामागोमाग पोटात भरपूर पाणी जावंच लागतं. हे काम डॉक्टरांचंच. झिरपत्या वाहिन्यांत बेतालपणे सलाइन सोडलं तर फुप्फुसात पाणी भरतं. शिवाय गर्भाशयातली घाण आणि जंतू यांच्यावर इलाज झाल्याशिवाय ओतलेलं पाणी टिकत नाही.

घरच्यांनी करायचं ते एवढंच, पण वेळेवर. वार 12 तासांत पडली नाही तर ओढू नका, ओढू देऊ नका. हिरडी बोटाने दाबून सोडा. पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. म्हशीच्या काळ्या हिरडीवर हे कळत नाही, तिथे पापणी उलटून आतला रंग पाहा. मलूल जनावराला बाटलीने जबरदस्तीने पाणी पाजू नका, ते श्वासनळीत उतरतं. कासेतल्या दगडीतूनही हीच अवस्था येते, आणि घटसर्पात तर गळ्याला सूज दिसेपर्यंत हातात फार थोडे तास उरतात. त्याची लस पावसाआधीच टोचून घ्या.

कान गार लागले की आवणी तशीच सोडा आणि 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. शेवटचं पाणी कधी प्यालं, लघवी कधी केली, आधी कोणतं औषध आणि किती सलाइन दिलं, हे नक्की सांगा. पुढे किती पाणी द्यायचं, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.