फोनवरच्या डॉक्टरांचे डोळे आपणच

मी बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशची आशा सेविका. कोरोनाच्या काळात बीडला जाणं अवघड झालं, तेव्हा शुगरच्या पेशंटना आणि मनानं खचलेल्यांना मी फोनवरूनच डॉक्टरांशी बोलायला बसवत होते. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं फोनवरून उपचार करण्याचे नियम काढले आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनीची मोफत ओपीडी सुरू झाली. त्यातून जे शिकले ते आजही लागू आहे, म्हणून लिहिते.

१. शेजारी बसलेला माणूस सांगेल तेवढंच डॉक्टरांना कळतं. "सकाळची पांढरी गोळी घेतो" यावरून त्यांनी काय ओळखावं? घरातली सगळी पाकिटं, संपलेलीसुद्धा, पुढ्यात घ्यावीत आणि नावं वाचून दाखवावीत. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर आणि बीपी आधीच लिहून ठेवावं. तळपाय आणि बोटांच्या बेचक्या स्वतः बघाव्यात. शुगरनं पाय बधिर झालेल्या माणसाला काटा रुतलेला कळत नाही, तो "पाय बरेत" असंच सांगतो.

२. "जीव घाबरतोय" म्हटलं की आधी बोटाला टोचून शुगर बघा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या भागातली कितीतरी माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात अडकलेली. एप्रिलमध्ये परतायची परवानगी मिळाली, तोवर मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात घास जाईना. गोळी मात्र वेळेवर. मग घाम, थरथर, छातीत धडधड. घरचे म्हणत, लेकाच्या घोरानं होतंय. घोर खरा होता. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं की शुगर घसरते आणि तेव्हा माणूस भेदरल्यासारखाच दिसतो. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. शुगर सावरली की डॉक्टरांना सगळं सांगावं: जेवण सुटलंय, झोप नाही, मन कशातच लागंना. त्याशिवाय गोळी कमी करायची की मनावर इलाज करायचा, की दोन्ही, हे त्यांनी कसं ठरवावं?

३. मनाचं बोलणं स्पीकरवर होत नाही. एका खोलीच्या घरात सून सासूदेखत काय सांगणार? आम्ही फोन घेऊन लिंबाखाली जायचो, नाहीतर भालचंद्र गणपतीच्या देवळाकडं. बाप्ये "डोकं दुखतंय" एवढंच सांगतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. आणि "जीव नकोसा वाटतो का?" हे सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाड्यातल्या आशांनी घरोघर हेच विचारलं. आता १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासूनचा, रात्रीही लागतो. तिथं मराठीतून बोलता येतं. "हो" म्हणणाऱ्याला मात्र एकटं सोडू नये, घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी हलवावीत.

४. इन्सुलिन कुठं ठेवलंय हेही डॉक्टरांना फोनवर दिसत नाही, ते आपणच बघावं. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. फ्रीज नसेल तर पिशवीत बांधून, सावलीतल्या ओल्या मडक्यात ठेवा.

५. फोन कुठं थांबवायचा हे ठाऊक हवं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडनं शुगर भडकायची, त्यात काहींना म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार झाला. एका बाजूचा गाल सुजणं, डोळा दुखणं, नाकातून काळपट येणं, दात हलणं, अशा वेळी फोनवर सल्ला घेत बसायचं नाही. उलट्या होऊन श्वास जोरात चालणं, छातीत दुखणं, पायाची जखम काळी पडणं, यांतही तेच. १०८ लावायचा आणि बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठायचं. गाडी येईपर्यंत गोळ्यांची पाकिटं आणि शेवटच्या शुगरचा आकडा पेशंटसोबत जाणाऱ्याच्या हातात द्यायचा.