एका शेतकऱ्याची नोंद

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला अमेरिकेतील पश्चिमेकडच्या वसाहतींचा भाग चालू होता. प्रेअरी म्हणजे तिकडची अफाट गवताळ मैदाने; तेथे नांगर घेऊन गेलेल्या शेतकऱ्यांची हकीकत सांगून झाली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्याच काळात आपल्याकडचा शेतकरी काय करत होता?" तेवढ्यात घंटा झाली. प्रस्तुत लेख हा त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रथम तिकडचे थोडे सांगतो. १८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. त्यानुसार पाच वर्षे जागेवर राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जमीन किरकोळ फी घेऊन मिळू लागली. १ जानेवारी १८६३ रोजी, म्हणजे कायदा लागू झाला त्याच दिवशी, डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने नेब्रास्कातील बिअॅट्रिस गावाजवळच्या जमिनीवर आपला हक्क नोंदवला. त्याचे दिवस सुखात गेले असतील असे समजू नका. १८७४ साली टोळांनी त्या मुलखातील पिके फस्त केली, १८८८ च्या जानेवारीत हिमवादळाने कित्येक माणसे गारठून मेली. तरी फ्रीमन टिकला आणि १९०८ साली आपल्याच जमिनीचा मालक म्हणून वारला. १९३६ साली ती जमीन राष्ट्रीय स्मारक ठरली. त्याच परिसरात आधीपासून राहणाऱ्या ओटो-मिसूरिया लोकांना मात्र १८८१ पर्यंत तेथून हलावे लागले होते, हेही त्याच कथेत सांगितले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. माझे गाव बोरगाव, सौसर तालुक्यातले, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे. पांढुर्णा-सौसर म्हटले की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तेवढी आठवते. खरे तर हा कपाशीचा, ज्वारीचा आणि आता संत्र्याचा मुलूख. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत दुसरी भाषा, हा अनुभव या महाविद्यालयातील वाचकांना नवा नाही. हा मुलूख पूर्वी देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत बनला.

आणि येथेच माझ्या मते गोष्टीचे मर्म आहे. फ्रीमनने हक्क नोंदवला त्याच दशकात आमच्याकडेही जमिनीची मोठी बंदोबस्ती झाली. भोसल्यांच्या काळात पाटील हा सारा गोळा करून भरणारा. गाव काही त्याच्या मालकीचे नव्हते. नव्या बंदोबस्तात त्याला मालगुजार म्हणून गावाची मालकी देण्यात आली. कसणारे झाले काश्तकार, म्हणजे त्याची कुळे. ज्याची बारा वर्षांची वहिवाट सिद्ध झाली त्याला मौरूसी हक्क, बाकीचे साधे. एका सरकारने कसणाऱ्याला मालक केले, दुसऱ्याने वसूल करणाऱ्याला. पुढे १८८३ च्या कायद्याने कुळांना काही संरक्षण मिळाले, पण मालकी नाही.

माझे खापरपणजोबा असे एक मौरूसी काश्तकार होते. एका बैलजोडीची वाहिती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१ ते १८६५), मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्याकडच्या कपाशीचा भाव चढला. ते तेव्हा लहान होते. पण त्या तेजीत बापाने बैल घेतले आणि कर्जही घेतले. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज राहिले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली, त्यामुळे कपाशीला मुंबईची वाट कायमची खुली झाली आणि शेतकरी लांबच्या बाजाराशी बांधला गेला. ज्वारीच्या शेतात कपाशी शिरू लागली ती याच काळात.

त्यांचे वर्ष कसे जाई हे माझ्या आजीने तिच्या सासऱ्यांकडून ऐकले होते. उन्हाळ्यात वखरणी, मृगात तिफण, मग डवरणी, निंदण. बी घरचे उरले नसेल तर सवाई-दिढीने आणायचे, म्हणजे पायलीला सव्वा किंवा दीड पायली परत. दिवाळीनंतर वेचणी, कापूस घरात येण्याआधी सावकाराचा माणूस दारात. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो पुण्याकडची दैना पाहून. आमच्याकडे परिस्थिती निराळी होती असे मला वाटत नाही. लिहिणारा नव्हता इतकेच.

१८९६-९७ चा दुष्काळ त्यांनी कसाबसा काढला. १८९९ साली पुन्हा पाऊस गेला. विक्रम संवताचे ते १९५६ वे वर्ष, म्हणून त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. आधी चारा संपला, मग बैल गेले; आणि बैल गेल्यावर शेतकऱ्याचा मजूर व्हायला वेळ लागत नाही. बापलेक सरकारी कामावर गिट्टी फोडायला गेले. मुलगा, म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. १९०० च्या उन्हाळ्यात बाप घरी परतला आणि आठ दिवसांत गेला. "भुकेनंच गेला," आजी म्हणे, "पण कोटवारानं ठाण्यात ताप सांगितला."

यात कोटवाराला दोष देता येत नाही. जन्ममृत्यूची खबर ठाण्यात देणे हे त्याचे काम होते आणि त्या काळच्या तक्त्यातील सदरे ठरलेली होती : पटकी, देवी, ताप, अतिसार, जखमा, इतर. भूक हे सदरच नव्हते. त्या वर्षांचे मृत्यूचे आकडे वाचताना 'ताप' या शब्दापाशी म्हणूनच थांबावे लागते. १८९१ ते १९०१ या दशकात मध्यप्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. खुद्द छिंदवाडा जिल्ह्याची चार लाखांच्या थोडी वर जागच्या जागी राहिली. दहा वर्षांत जन्मलेली माणसे गेली कोठे, ते तक्ता सांगत नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली तेव्हा पणजोबा हयात होते. गेलेली जमीन त्यांनी मजुरी करून, थोडी थोडी करत, पुन्हा उभी केली होती. पुढे नवे कागद बनले तेव्हा पटवाऱ्याने विचारले, "वल्द?" म्हणजे बापाचे नाव. पणजोबांनी ते सांगितले, आणि गिट्टी फोडून आलेल्या त्या माणसाचे नाव पन्नासहून अधिक वर्षांनी जमिनीच्या मालकीच्या कागदावर चढले. त्या शेतात आता संत्र्याची झाडे आहेत.