शंकेने देव दुरावतो काय?

एकादशीचे भजन आटोपल्यावर वरळी कोळीवाड्यातील एका वृद्ध माउलीने विचारले, "बुवा, पोरगा होडी घेऊन गेला तो आलाच नाही. आता टाळ हाती घेतला की मनात येतं, पांडुरंग आहे तरी का? असं मनात येणं पाप का हो?"

सज्जनहो, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतले इंग्रज कवी टेनिसन यांचा जिवलग मित्र हॅलम १८३३ साली अवघ्या २२ व्या वर्षी गेला. त्या दुःखावर टेनिसन १७ वर्षे कविता रचीत राहिले. शंका आणि श्रद्धा तीत शेजारी शेजारी बसल्या आहेत. हॉपकिन्स तर जेझुइट पाद्री. पण अंधारून आले तेव्हा त्यांनी गाऱ्हाणे थेट देवाकडेच नेले. ते १८८९ साली वारले. त्यांचा कवितासंग्रह निघाला १९१८ साली!

आपल्या तुकोबांची पत्नी दुष्काळात अन्नावाचून गेली, मुलगा गेला. ते काय गप्प बसले? विठोबाला त्यांनी नाही नाही ते सुनावले. पण सुनावले ते त्यालाच, त्याच्या पाठीमागे नव्हे. जो नाहीच, त्याच्याशी कोण भांडेल?

पुढे आपल्याकडे नारायण वामन टिळक झाले. १८९५ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. ते आपल्याला रुचो न रुचो. घरीही ते रुचले नाही, आणि लक्ष्मीबाई कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. इंग्रजी चालींची उसनी गीते त्यांना पुरेनात. ख्रिस्तालाही त्यांनी अभंगातच आळविले, 'माउली' मानले. पुढे १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ते संन्यासी झाले. १९१९ साली गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. एके काळी याच धर्मापायी त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या होत्या! आम्हांस तर टिळकांच्या कवितेपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

माउलीला एवढे सगळे कुठे सांगणार? तुकोबांचे तेवढे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे भांडू म्हणता?"

"भांडा की!"

पुढच्या एकादशीला ती आली. टाळ घेतला नाही. खांबाला टेकून, विठोबाकडे टक लावून, भजन संपेपर्यंत ओठांतल्या ओठांत काहीबाही बोलत होती.