तक्त्याला काठ हवा : हिशेब आणि दरपत्रकाच्या रेघांचा पाठ



आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र सगळ्यांना पाठ आहे : नियमित लेखे. पण लेखे लिहून काम संपत नाही. बैठकीला बसलेल्या प्रत्येकीला तिची ओळ सापडली पाहिजे आणि तिचा आकडा तिला वाचता आला पाहिजे. वहीत हे काम छापील रेघा करतात. आता महिन्याचा तक्ता मोबाइलवर येतो, दरपत्रक वेबपानावर जातं. तिथे रेघा आपोआप येत नाहीत, त्या सांगून घालाव्या लागतात. त्या कशा घालायच्या, ते या पाठात पाहू. टाइप करायचं काम घरातली शिकलेली मुलगी किंवा संगणकवाला करेल, पण काय हवं ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.

रेघ नसली तर काय बिघडतं?

समजा, गटात १२ सदस्य आहेत. तक्त्यात डावीकडे नाव, मग बचत, हप्ता, व्याज आणि शेवटी उजव्या टोकाला बाकी. मधे रेघ नसेल तर नजर एक ओळ खाली घसरते. सातव्या ताईची ४,५०० रुपये बाकी आठव्या ताईच्या नावावर वाचली जाते. आठवीचं कर्ज फिटलेलं असतं, पण चारचौघींत तिचं नाव निघतं. पैसे कुठेच गेलेले नसतात, पण विश्वास जातो.

दरपत्रकाचंही तेच. मुरबाड-शहापूरकडच्या गटाचा माल कल्याण-डोंबिवलीच्या सोसायटीत विकायचा, तर गिऱ्हाईक लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर दर बघणार. कुरडईचा दर तिने नाचणीच्या पापडासमोर वाचला, तर माल पोचल्यावर दारात वाद ठरलेला.

कापड वेगळं, शिलाई वेगळी

वेबपानात दोन कामं असतात. मजकूर आणि तक्ता मांडायचं काम एचटीएमएल करतं. तो दिसेल कसा, हे सीएसएस ठरवतं. हाकॉन विअम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्ये मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. फायदा असा, की काठ कसा हवा हे एकदाच लिहायचं. पानावरच्या सगळ्या तक्त्यांना तो लागतो. उद्या बदलायचा तर एकाच जागी बदलायचा.

काठाच्या तीन गोष्टी

काठाला सीएसएसमध्ये बॉर्डर म्हणतात. साडीचा काठ सांगताना आपण रुंदी, वीण आणि रंग सांगतो. इथेही तीनच गोष्टी आहेत.

- जाडी : पिक्सेलमध्ये सांगतात. १ पिक्सेल म्हणजे बारीक रेघ, २ किंवा ३ म्हणजे ठळक.
- प्रकार : सॉलिड म्हणजे सलग, डॅश्ड म्हणजे धावदोऱ्यासारखी तुटक, डॉटेड म्हणजे ठिपक्यांची, डबल म्हणजे दुहेरी.
- रंग : काळा किंवा करडा पुरतो.

जाडी आणि रंग दिला पण प्रकार सांगायचा राहिला, तर रेघ दिसतच नाही. "घातली तरी येत नाही" अशी तक्रार असेल तर आधी प्रकार लिहिलाय का ते बघा.

एक सांगितली, दोन का दिसतात?

प्रत्येक घराला काठ दिला की शेजारच्या दोन घरांचे दोन काठ, मधे थोडी फट, असं दिसतं. गोधडीचे तुकडे न जोडता नुसते शेजारी ठेवल्यासारखं. ते जोडायचे असतील तर पूर्ण तक्त्याला 'बॉर्डर-कोलॅप्स' हा गुण लावून त्याची किंमत 'कोलॅप्स' ठेवायची. मग दोन घरांत एकच शिवण राहते. शेजारच्या दोन काठांत एक जाड, एक बारीक असेल तर जाड काठ दिसतो. मात्र असं जोडल्यावर तक्त्याचे कोपरे गोल करता येत नाहीत.

माया सोडा

शिवताना आपण माया सोडतो, तशी आकडा आणि रेघ यांच्यातही सोडायची. तिला पॅडिंग म्हणतात. ६ ते ८ पिक्सेल पुरे. हे शोभेसाठी नाही. इंग्रजी आकड्यांत एक म्हणजे उभी रेघच. पाचशेच्या आकड्याला उजवीकडून रेघ चिकटली, तर घाईत तो पाच हजार एक वाचला जातो.

किती रेघा घालायच्या?

सगळीकडे जाड काळ्या रेघा घातल्या की आकडे गजाआड बसल्यासारखे दिसतात. एवढं पुरतं :

१. मथळ्याच्या ओळीखाली २ पिक्सेलची सलग काळी रेघ.
२. प्रत्येक नावाच्या ओळीखाली १ पिक्सेलची करडी रेघ.
३. एकूण बेरजेच्या वर दुहेरी रेघ. दुहेरीला किमान ३ पिक्सेल द्या, नाहीतर ती एकेरीच दिसते.
४. रुपयांचे रकाने उजवीकडे सरळ, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक येतो.

छापताना लक्षात ठेवा

एक ओळ रंगीत आणि एक पांढरी, अशी मांडणी मोबाइलवर छान दिसते. पण वेबपान छापताना ब्राउझर मागचा रंग सहसा सोडून देतो. काठाची रेघ मात्र छापली जाते. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका. एक्सेलमध्येही पडद्यावर दिसणाऱ्या फिकट रेघा वेगळं सांगितल्याशिवाय कागदावर येत नाहीत. तिथे तक्ता निवडून 'ऑल बॉर्डर्स' द्या.

पुढच्या बैठकीत करून पाहा

गटाचा या महिन्याचा तक्ता छापून आणा. जी ताई हिशेब लिहीत नाही, तिच्या हातात द्या. तिने आपल्या नावावर बोट ठेवून, ओळीने सरकत आपल्या बाकीपर्यंत जायचं. बोट दुसऱ्या ओळीत गेलं तर चूक तिची नाही, तक्त्याची आहे. तिथे रेघ घाला, माया वाढवा आणि पुन्हा तिच्याच हातात द्या. ती न विचारता आपला आकडा सांगेल, तेव्हा तक्ता झाला असं समजा.