पिल्लाला बाळगुटी देऊ नका

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाला कालपासून पातळ शी होते आहे. आई जायफळ उगाळून द्यायला सांगते. देऊ का?

उत्तर : जायफळ मुळीच नको. त्यातला मिरिस्टिसिन हा घटक कुत्र्यांना बाधतो. जास्त पोटात गेला तर थरथर, झटके येऊ शकतात. लसूण आणि मनुकाही नकोत, त्या तर विषारीच.

स्वयंपाकघरातलं चालेल ते साधंच : मऊ भात आणि मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन, थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा. सोबत चमचाभर उकडलेला लाल भोपळा. त्यातल्या तंतूंनी शी बांधून येते. गाईचं दूध बंद करा, अनेकदा तेच मूळ कारण असतं. पाणी सतत समोर ठेवा.

पण एवढ्या लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी फार झपाट्याने कमी होतं. उलट्या, शीमध्ये रक्त, मलूलपणा किंवा खाणं सुटणं, यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय सोडून लगेच पशुवैद्यांकडे न्या. लस अपुरी असेल तर पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती खरी असते. तशी लक्षणं नसली तरी उद्यापर्यंत फरक पडला नाही, तर ताज्या शीचा नमुना घेऊन जा. जंत असतील तर तपासणीत कळतील.